चित्रपटाच्या पार्श्वसंगीताच्या ‘रीमास्टर’ (म्हणजे जुन्याच टेपवरून आवाज नव्याने घडवलेल्या) आवृत्त्या खरंच जास्त चांगल्या वाजतात का? मला जुन्या सीडीत आणि नव्या हाय-रेझोल्यूशन आवृत्तीत फरकच कळत नाही. दोष कानाचा की हेडफोनचा?

बहुतेक दोघांचाही नाही. पुष्कळदा फरक नसतोच. असतो तेव्हा तो वेष्टनावर लिहिलेल्या कारणामुळे नसतो, आणि काही वेळा तर जुनी सीडीच सरस निघते. या नादात मी एकेका पार्श्वसंगीताच्या तीन-तीन आवृत्त्या घेऊन बसलोय, त्यामुळे जरा पसरट लिहितो.

मोठ्या वाद्यवृंदाचा आवाज सर्वांत आधी ठरतो तो वादक जिथे बसले त्या जागेवर. ‘स्टार वॉर्स’चं १९७७ चं संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने डेनम इथल्या ॲन्व्हिल स्टुडिओत वाजवलं, ध्वनिमुद्रण एरिक टॉमलिन्सन यांचं. त्याच मालिकेतला १९८३ चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ ॲबी रोडच्या स्टुडिओ वनमध्ये मुद्रित झाला. संगीतकार तेच जॉन विल्यम्स, वाद्यवृंद तोच, पण दोन्ही पाठोपाठ लावून बघा. पहिल्यात ट्रम्पेट तोंडासमोर येतात, सूर थांबला की खोलीही जवळजवळ लगेच गप्प होते. दुसऱ्यात प्रत्येक सुरामागे आस राहते, हॉर्न मागच्या भिंतीला टेकून वाजतायत असं वाटतं. यात चांगलं-वाईट काही नाही. मला पहिला प्रकार जास्त आवडतो, पण ती माझी खोड. मुद्दा एवढाच की हा फरक कुठलंही रीमास्टरिंग पुसू शकत नाही.

मग मायक्रोफोन. वाद्यवृंदाच्या मुद्रणात अजूनही ‘डेक्का ट्री’ चालतं: इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या चौकटीवर तीन मायक्रोफोन, वाद्यवृंद-संचालकाच्या डोक्याच्या जरा वर. पद्धत १९५० च्या दशकातली. याशिवाय एकेका वाद्यापाशी जवळचे मायक्रोफोन असतात, ते लागेल तेवढे मिसळायचे. हात सैल सुटला की सगळा वाद्यवृंद रांगेत समोर उभा राहतो आणि हार्प डबल बासच्या पूर्ण फळीएवढा मोठा होतो. अलीकडच्या बऱ्याच मुद्रणांत तंतुवाद्यं वेगळी, ब्रास (ट्रम्पेट, हॉर्नसारखी पितळी वाद्यं) वेगळं असं वाजवून घेतात, म्हणजे पुढे दिग्दर्शकाला संवादाखालचं ब्रास कमी करता येतं. त्यांची सोय होते, पण ऐंशी माणसं एका हवेत वाजवतायत हा भास विरळ होतो. स्वच्छ असूनही एखादं नवं पार्श्वसंगीत निर्जीव वाटलं तर आधी इथे संशय घ्या.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो, म्हणजे टेप. मूळ बहुट्रॅक टेपवरून (तिच्यावर वेगवेगळ्या मायक्रोफोनचा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतो) स्टिरिओ मिश्रण होतं, त्यावरून अल्बमची मास्टर टेप, तिच्यावरून दुसऱ्या देशांत पाठवायच्या प्रती. ॲनालॉगमध्ये प्रत्येक प्रतीबरोबर खरखर थोडी वाढते आणि बारीक तपशील थोडा झिजतो. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक सीडी हाताशी असेल त्या टेपवरून काढल्या गेल्या, कधी एलपी कापण्यासाठी खर्ज छाटलेल्या प्रतीवरूनसुद्धा. त्यामुळे एखादी नवी आवृत्ती खरोखर उजळून वाजते तेव्हा कारण बहुतेक एकच असतं: कुणीतरी गोदामात जाऊन आधीच्या पिढीची, म्हणजे मूळच्या जास्त जवळची, टेप शोधून काढली. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत मी सगळ्यात आधी हेच वाचतो. ‘मूळ बहुट्रॅक टेपवरून नव्याने मिश्रण’ असं लिहिलेलं असेल तर पैसे मोजायला हरकत नाही. नुसतं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

जुन्या टेपची दुखणीही ऐकण्यासारखी असतात. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच टेपचा चिकट थर दमट हवेने सुटतो, तेव्हा वाजवण्याआधी त्या पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला काही तास मंद शेकाव्या लागतात, नाहीतर यंत्राच्या हेडवर थर खरवडून निघतो. दुसरं दुखणं तुम्ही घरीच पकडू शकता. रिळावर टेपचे वेढे एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं पडून राहिले की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. माझ्याकडच्या एका जुन्या सीडीत सेलो हळू हळू विझतात, मग पूर्ण शांतता, आणि अख्खं ब्रास कोसळण्याच्या एक-दोन सेकंद आधी तोच प्रहार अगदी पुसट, भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू येतो. पहिल्यांदा वाटलं, शेजारी काहीतरी पडलं. आता त्या जागेची मी वाटच बघतो. नव्या आवृत्तीत त्यांनी ते साफ केलंय, आणि त्याबरोबर सेलोंचं विझणंही थोडं आधीच कापलंय. मी जुनी सीडी ठेवली.

सगळ्यात मोठा घोळ मात्र मोठ्या आवाजाचा. सीडीच्या १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, म्हणजे एकट्या बासरीपासून टिंपनी-झांजांपर्यंत सगळं सुखाने बसतं. पण १९९० च्या दशकापासून पॉप अल्बम लिमिटर (आवाजाचे उंच माथे दाबणारं साधन) लावून वर-वर ढकलायची स्पर्धा लागली, आणि तिची झळ पार्श्वसंगीतालाही पोचली. मी हौसेने घेतलेल्या एका ‘रीमास्टर’ आवृत्तीत पहिली पाच मिनिटं मी चाट पडलो, काय भरदार वाजतंय! मग शेवटचा मोठा प्रसंग आला आणि वाद्यवृंद मोठा होईचना. मोठा व्हायला जागाच उरली नव्हती. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली उघडल्या: जुनीचा आलेख डोंगररांगेसारखा, नवीचा विटेसारखा, माथे सपाट कापलेले. तेव्हापासून नवीन आवृत्ती घेतली की आधी तिचा आलेख बघतो. तुम्हीही बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुलना करताना एक काळजी मात्र घ्या. दोन्ही आवृत्त्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. एखाद-दुसरा डेसिबल जास्त असलेली बाजू आपल्याला ‘मोठी’ न वाटता ‘चांगली’ वाटते. कानाची ही खोड जगजाहीर आहे आणि विकणाऱ्यांना ती पक्की ठाऊक आहे. स्ट्रीमिंगवर हे काम थोडं आपोआप होतं: स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणतं, ॲपल म्युझिक उणे १६ च्या. म्हणजे दाबून मोठी केलेली आवृत्ती तिथे खाली ओढली जाते. मग तिचा मोठेपणा जातो आणि दाबलेपण तेवढं उरतं. काव्यगत न्याय म्हणतात तो हाच! फक्त हे समतोलाचं बटण ‘अल्बम’नुसार चालतंय ना ते बघा. गाण्यागणिक चाललं तर दोन मिनिटांचं कुजबुजतं व्हायोलिन रणधुमाळीइतकं मोठं होतं.

हाय-रेझोल्यूशनबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. ४४.१ किलोहर्ट्झवर २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, माणसाचा कान तरुणपणी वीसपर्यंत जातो, माझा तर केव्हाच खाली आलाय. २४ बिट मुद्रण करताना फार उपयोगी, कारण तिथे पातळी चुकली तरी सावरता येते. ऐकताना नाही. एखादी २४ बिट फाइल खरंच वेगळी वाजली तर तिच्यामागचा मास्टर वेगळा असतो. तीच फाइल १६ बिट, ४४.१ मध्ये उतरवून पुन्हा ऐका. मला सांगता आलं नाही. तुम्हाला आलं तर अभिनंदन.

हेडफोनवर मी फार वेळ घालवणार नाही. मधल्या दर्जाचे, शक्य तर मागून उघडे, पुरे. ‘इंटरस्टेलर’सारखं काही ऐकायचं असेल तर मात्र अडचण खरी आहे. त्यातला ऑर्गन लंडनच्या टेम्पल चर्चमधला आहे, आणि ३२ फुटी नळीचा मूळ सूर १६ हर्ट्झच्या आसपास असतो. लहान स्पीकरमधून तो निघतच नाही, तुम्ही त्याच्या वरच्या स्वरांवर भागवत असता.

१९३०-४० च्या काळातलं संगीत आवडत असेल तर मूळ मुद्रणाचा हट्ट सोडा. ते बहुतेक मोनो, फिल्मच्या पट्टीवरचं. १९७२ पासून संचालक चार्ल्स गेरहार्ट यांनी आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी नॅशनल फिलहार्मोनिकबरोबर हे जुनं संगीत नव्याने वाजवलं. निर्माते जॉर्ज कॉर्नगोल्ड, म्हणजे संगीतकार एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड यांचा मुलगा, आणि मुद्रण लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये केनेथ विल्किन्सन यांचं. पन्नास वर्षं झाली, आजही ‘द सी हॉक’ची सुरुवात लावली की खोली रुंद होते. त्या हॉलखालून भुयारी रेल्वे जायची. चांगल्या स्पीकरवर तिथे झालेल्या काही मुद्रणांत मंद गुरगुर सापडते आणि मला ती गोडच वाटते. पण पुन्हा वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण म्हणजे मूळ नव्हे, हेही धरून चाला. बर्नार्ड हरमन यांनी ‘सायको’चं आपलंच संगीत १९७५ मध्ये पुन्हा वाजवलं ते चित्रपटातल्यापेक्षा बरंच संथ आहे. आवाज सुंदर, पण ती धास्ती ढिली पडते.

आणि ‘संपूर्ण’ आवृत्त्यांचा मोह. जुने अल्बम आखूड असायचे, कारण एलपीची एक बाजू विसेक मिनिटांची. नंतर सीडी आली तरी अमेरिकन वादकांना त्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे पुनर्वापराचे पैसे द्यावे लागत, म्हणून ८०-९० च्या दशकांत तीस मिनिटांच्या सीडी निघत राहिल्या. आपण शिव्या घातल्या. आता अडीच तासांचं सगळं मिळतं, त्यात चाळीस सेकंदांचे दार उघडण्याचे तुकडेही. पण त्या तीस-चाळीस मिनिटांचा क्रम पुष्कळदा संगीतकाराने स्वतः लावलेला असायचा, चित्रपटाचा क्रम मोडून, ऐकण्यासाठी म्हणून. मी संपूर्ण आवृत्ती एकदा ऐकतो आणि नंतर मूळ अल्बमच्या क्रमाची यादी करून तीच लावतो.

तुमची जुनी सीडी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती ‘स्टार वॉर्स’ची १९९७ ची दोन सीडींची असेल तर पहिली सीडी संपली असं वाटल्यावर लगेच काढू नका. शेवटच्या ट्रॅकनंतर बरीच शांतता आहे, आणि मग सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध धूनचे पाच टेक एकापाठोपाठ येतात. तोच हॉल, तेच वादक, तेच मायक्रोफोन. ट्रम्पेटवर कान ठेवा आणि कुठला टेक घ्यावासा वाटतो ते मला कळवा. माझं दर वेळी बदलतं.