विद्यापीठाची कमाई आणि मुलीची शाखा

आपल्या पत्राचा गोषवारा असा: मुलीला जीवशास्त्रात पदवी घेऊन पुढे मेडिकलला जायचे आहे आणि २०२६ च्या फॉल सत्रासाठी तिला अमेरिकेतील दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. त्यांपैकी आपण अमेरिकेत राहता त्याच राज्यातील विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च २८,००० डॉलर, तर परराज्यातील नामांकित विद्यापीठाचा ५३,००० डॉलर आहे. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, ८५,००० डॉलर जमले आहेत. कॉलेज स्कोअरकार्ड या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर परराज्यातील विद्यापीठाच्या पदवीधरांची कमाई बरीच जास्त दिसते, मग कर्ज काढून तिकडे पाठवावे का, असे आपण विचारता.

माझ्या मते पाठवू नये.

स्कोअरकार्डच्या पहिल्याच पानावर दिसणारी कमाई ही संपूर्ण विद्यापीठाची असते आणि तीही केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच. ज्या विद्यापीठात इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरची मुले अधिक, तिथे हा आकडा आपोआप वर चढतो. जीवशास्त्राच्या मुलीला त्याचा काय उपयोग? त्याच संकेतस्थळावर शाखानिहाय माहितीही मिळते. आपण पाठवलेल्या पानांवर मी जीवशास्त्राच्या दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहिल्या, तर अंतर किरकोळ निघाले. शिवाय पदवीनंतर शिकत राहिलेली मुले या गणतीत धरली जात नाहीत, त्यामुळे मेडिकलला गेलेल्यांची वाटचाल त्या ओळीत दिसतच नाही.

स्कोअरकार्डवरील कर्जाचा आकडा तर याहून फसवा आहे, कारण तो विद्यार्थ्याने स्वतःच्या नावावर घेतलेल्या केंद्रीय कर्जाचा असतो. पालकांनी घेतलेले पॅरेंट प्लस कर्ज वेगळे दाखवले जाते आणि खासगी कर्ज त्यात येतच नाही. आपल्या घरावर बोजा पडणार आहे तो नेमका याच दोन कर्जांचा.

आता हिशेब मांडू. आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलीला चार वर्षांत अनुक्रमे ५,५००, ६,५००, ७,५०० आणि ७,५०० असे एकूण २७,००० डॉलरचे केंद्रीय कर्ज मिळू शकते. घरच्या राज्यातील चार वर्षांचा खर्च १,१२,००० डॉलर. त्यातून बचत वजा केली की बरोबर २७,०००च उरतात. हा योगायोग खरोखर भाग्याचा आहे. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने ते दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर मूळ रकमेवर महिन्याला सुमारे ३०५ डॉलरचा हप्ता बसतो, आणि तो नोकरीच्या सुरुवातीलाही झेपण्यासारखा आहे.

परराज्यात मात्र या २७,००० नंतरही एक लाख डॉलर कमी पडतात. १ जुलै २०२६ पासून नव्या पॅरेंट प्लस कर्जाला एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे उरलेल्या ३५,००० साठी खासगी सावकाराचे दार ठोठवावे लागेल. २०२५-२६ चा ८.९४ टक्के दर धरला, तरी दहा वर्षांच्या मुदतीत नुसत्या ६५,००० चा हप्ता ८२० डॉलरच्या घरात जातो, आणि उत्पन्न घटले तर हप्ता कमी करून घेण्याची सोय या नव्या पालक-कर्जाला नाही. आपण निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. त्यातच मेडिकलसाठीच्या केंद्रीय कर्जावरही आता वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आली आहे. तेव्हा आपला हात मोकळा असणे मुलीच्याच हिताचे आहे.

परराज्यातील विद्यापीठाने वर्षाला २५,००० डॉलरच्या आसपास शिष्यवृत्ती चारही वर्षांसाठी लेखी कबूल केली, तर मी हे मत बदलेन. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी त्यांच्या आर्थिक साहाय्य विभागाला मुलीनेच तसे पत्र लिहावे आणि ती शिष्यवृत्ती टिकवायला किती गुण लागतात, हेही त्यात विचारावे.