अर्ज भरायला बसण्यापूर्वी

प्रिय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली: “ताई, मला चालता येतं, बोलता येतं, पदवी आहे. मग अपंगत्वाचा भत्ता मागणं म्हणजे लबाडी नाही का?” फॉर्ममधल्या रकान्यांबद्दल तू पुढे जे नऊ प्रश्न विचारलेस, ते सगळे याच प्रश्नाच्या पोटातले आहेत. म्हणून सुरुवात इथून करते.

लबाडी नाही. कायदे उघडून बघ. भारतात 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती आणि तुझी-माझी स्वमग्नता (ऑटिझम) त्यांत नव्हती. 2016 च्या कायद्याने यादी 21 वर नेली, तेव्हा ती नावानिशी आली. अमेरिकेत भत्ते देणाऱ्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या वैद्यकीय यादीत तिला 12.10 हा स्वतःचा क्रमांक आहे. ब्रिटनमध्ये पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट आहे, ज्याला सगळे पिप म्हणतात. तिथे निदानाच्या नावापेक्षा रोजच्या जगण्यात काय अडतं याला गुण मिळतात. पदवीधराने अर्ज करू नये असं यांतल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ते आपल्या डोक्यात लिहिलेलं असतं.

(हे पत्र तू तुमच्या गटात सगळ्यांना पाठवणार हे मला ठाऊक आहे, आणि ती मंडळी तीन देशांत पांगलेली. म्हणून उदाहरणं तिन्हीकडची घेते. रकमा आणि मुदती मात्र ज्याने त्याने आपल्या सरकारच्या ताज्या कागदावरून पडताळून घ्याव्यात.)

माझा पहिला अर्ज फेटाळला गेला त्याची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती. उरलेली अशी. तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा मी आदल्या दिवशी त्या इमारतीपर्यंत जाऊन रस्ता पाहून आले. कुठली बस, कुठला दरवाजा, लिफ्ट कुठे. तपासणीच्या दिवशी दीड तास आधी पोचले आणि तो सगळा वेळ जिन्यात बसून काढला, कारण बसायच्या खोलीतली ट्यूब फडफडत होती. आत गेल्यावर आयुष्यभर शिकलेलं सगळं करून दाखवलं. समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघायचं, म्हणजे नजर भिडवल्यासारखी वाटते. मधूनमधून हसायचं. “कशा आहात?” ला “छान” म्हणायचं. घरी आल्यावर तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि अहवालात काय आलं? एकट्या आल्या, वेळेवर आल्या, नजरेला नजर देऊन बोलल्या, संवादात अडचण आढळली नाही.

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, याचीच जास्त चीड आली. जिना, आदल्या दिवसाची फेरी, नंतरचे तीन दिवस हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मुखवट्याची सवय इतकी मुरलेली, की जिथे तो उतरवणं हेच काम होतं तिथेही मी तो घट्ट बांधून गेले.

तेव्हा फॉर्मवर “हे काम जमतं का?” असा प्रश्न आला की “हो” लिहून मोकळी होऊ नकोस. ब्रिटनच्या पिपच्या नियमांत याची फार नेमकी फोड केलेली आहे आणि ती मी कुठल्याही देशातल्या माणसाला पाठ करायला सांगते. एखादं काम तुला जमतं असं तेव्हाच धरायचं, जेव्हा ते सुरक्षितपणे जमतं, ठीकठाक दर्जाचं होतं, लागेल तितक्या वेळा पुन्हा करता येतं आणि वाजवी वेळात उरकतं. चारही हवेत. एक जरी निसटलं तरी कायद्याच्या भाषेत ते काम तुला जमत नाही. शिवाय ही अडचण निम्म्याहून अधिक दिवस असली की पुरते. रोज, बारा महिने असावी लागत नाही.

आता तू लिहिलेलं उत्तर बघ: “स्वयंपाक येतो, पण कधीकधी विसरते.” हे वाचणाऱ्याला काय कळणार? विसरतं तर सगळं जगच. तुझ्याच मागच्या पत्रातलं मी इथे उतरवते: “मध्येच दाराची घंटा वाजली की शेगडी चालू आहे हेच डोक्यातून जातं. गेल्या महिन्यात दोनदा भांडं जळालं. कुकरच्या आवाजाने कानांवर हात ठेवून बाहेर जाते आणि परत यायला वेळ लागतो. आठवड्यातले चार दिवस कोरडं काहीतरी खाऊन झोपते.” हे आहे उत्तर. मला पत्रात लिहिलंस, त्यांना मात्र नाही. काय घडतं, किती वेळा घडतं, मग कोण धावून येतं, आणि कुणी आलं नाही तर काय होतं, एवढं प्रत्येक प्रश्नाखाली यायला हवं. विशेषणं लागत नाहीत. “खूप त्रास होतो” हे वाक्य अर्ज वाचणाऱ्याने त्या दिवशी वीसदा वाचलेलं असतं.

वाढवूनही लिहायचं नाही, हे तुला सांगायची गरज नाही. आपल्यासारख्यांना उलटा रोग असतो. शब्दशः खरं बोलायच्या नादात आपण स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतो. “एकटी प्रवास करता का?” “हो.” खरं आहे. पण ओळखीच्या एकाच मार्गाने, कान झाकून, आणि बस वळवली की रस्त्यातच गोठून उभी राहतेस, हेही तितकंच खरं आहे. प्रश्नात ते विचारलेलं नसलं तरी सांगायचं.

अमेरिकेत मोजमाप जरा निराळं. तिथे निदानाच्या कागदाबरोबर मनाच्या कामाची चार क्षेत्रं बघतात: माहिती समजून लक्षात ठेवणं आणि वापरणं, माणसांशी वागणं, लक्ष लावून गती टिकवणं, आणि बदलांशी जुळवून घेत स्वतःला सांभाळणं. एकात टोकाची किंवा दोनांत ठळक मर्यादा दिसली पाहिजे. तुझी बुद्धी चांगली आहे म्हणून पहिल्या क्षेत्रात काही हाती लागणार नाही. तिथे डोकं आपटू नकोस. तिसऱ्या आणि चौथ्यावर जोर दे.

भारतातली वाट अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातून जाते. 40 टक्के अपंगत्व ही वेस आहे. त्याखाली बहुतेक सवलतींचं दार उघडत नाही. तिथे स्वमग्नता मोजायला भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि 70 च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असं धरतात. मोठ्या वयात, मुखवट्यासकट त्या मोजपट्टीसमोर बसणं किती विचित्र आहे ते मी वेगळं सांगत नाही. म्हणून बरोबर असा माणूस ने, ज्याने तुला मुखवट्याशिवाय पाहिलंय. आणि केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाची अट ऐकून ठेव: 80 टक्के अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालचं घर, आणि एवढं जमलं तर केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. राज्यं त्यात आपापली भर घालतात. तरी भारतातल्या मित्रांना मी प्रमाणपत्र काढाच म्हणते, कारण सरकारी नोकरीतलं आरक्षण आणि प्राप्तिकरातली वजावट त्याच कागदावर टेकलेली आहे.

बरोबर न्यायच्या माणसावरून आठवलं. घरचे लोक प्रेमापोटी अर्ज बुडवतात. माझ्या आईने पुढच्या एका तपासणीत अभिमानाने सांगितलं, “हुशार आहे हो माझी मुलगी, सगळं स्वतःचं स्वतः करते.” तिला दुसरं बोलताच येत नव्हतं. इतकी वर्षं ती हेच बोलून मला वाचवत आली होती. तेव्हा आईला आधी घेऊन बस आणि तिला विचार, मी तुझ्याकडे राहते तेव्हा तू दिवसभरात माझ्यासाठी काय काय करतेस? ती म्हणेल, “काही नाही ग.” मग एकेक निघू लागेल. फोन तीच लावते, बँकेची पत्रं तीच उघडते, अंघोळीची आठवण तीच करते. ती यादी म्हणजे पुरावा.

डॉक्टरांकडून “हिला स्वमग्नता आहे” एवढंच पत्र आणू नकोस. निदान कुणी नाकारत नाहीये. त्यांच्या हातात फॉर्ममधल्या प्रश्नांची प्रत दे आणि त्या प्रश्नांना धरून लिहा म्हण. शाळेचे जुने शेरे, प्रगतिपुस्तकं, नोकरीतल्या ताकिदीच्या चिठ्ठ्या, सगळं जपून ठेव. ‘वर्गात मिसळत नाही’ हा सहावीतला शेरा मोठेपणी कामाला येतो. अमेरिकेत तर आईवडिलांच्या खात्यावर मिळणाऱ्या एका भत्त्यासाठी अपंगत्व 22 व्या वर्षाआधी सुरू झालं हे दाखवावं लागतं. उशिरा निदान झालेल्यांना ते अशाच कागदांनी दाखवता येतं.

आता बेकारी भत्ता. हा वेगळाच प्राणी आहे. एक फॉर्म म्हणतो, तू काम करू शकत नाहीस हे सिद्ध कर. दुसरा म्हणतो, तू काम करायला तयार आहेस आणि रोज शोधते आहेस हे सिद्ध कर. दोन्हींवर तुझीच सही. अमेरिकेत एक घेतला म्हणून दुसरा आपोआप बाद होत नाही, पण सुनावणीत न्यायाधीश यावर बोट ठेवू शकतात. उत्तर दोन्हीकडे एकच ठेव: कुठल्या परिस्थितीत, किती तास, काय मदत असेल तर मला काम जमेल. “शांत जागा, आठवड्याला पंधरा तास, लेखी सूचना, आणि मी तसंच काम शोधत होते.” हे दोन्ही फॉर्मांवर खरं ठरतं. ब्रिटनचं पिप या भानगडीतून सुटलेलं आहे. नोकरी असली तरी ते मिळतं, कारण ते कामाचं नाही, अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चाचं आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी नोकरदार अर्जच करत नाहीत. भारतात सर्वांसाठीचा बेकारी भत्ता नाही. कर्मचारी राज्य विम्यात 2018 मध्ये एक योजना आली, पण ती विमा असलेल्याची नोकरी गेली तर. नोकरी मिळालीच नाही त्याच्यासाठी नाही.

आणि ऐक, राजीनाम्याबद्दल. तू दोनदा दिलास, दोन्ही वेळा डोकं फुटायच्या दिवशी, दोन ओळींचा. मीही दिलाय. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर भत्ता पहिल्या वेळी 91 दिवसांपर्यंत कापला जाऊ शकतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत तसं सोडणाऱ्याला तो मिळतच नाही. तेव्हा यापुढे त्या दिवशी राजीनामा नाही, आजारपणाची रजा. आधी लेखी माग: दिवे मंद करा, जागा बदला, सूचना ईमेलने द्या. नकार आला तर तो नकार जपून ठेव. सोडायचीच वेळ आली तर सबळ कारण म्हणजे तोच कागद.

ब्रिटनमध्ये बेकारी भत्त्यासाठी कामाच्या शोधाच्या अटी ठरवायला बोलावतात, तेव्हा तिथेच घाईघाईत सही करू नकोस. आठवड्याला पस्तीस तास फोनवरून नोकरी शोधणं तुला जमणार नसेल, तर ईमेलने आणि कमी तास, असं त्याच बैठकीत माग. एकदा सही झाली की अट न पाळल्याबद्दल पैसे तुझे कापले जातात.

नकार येईल. येईलच असं नाही, पण येईल असं धरून चाल, म्हणजे लिफाफा उघडायला महिना लागणार नाही. मला लागला होता आणि मुदत गेली होती. ब्रिटनमध्ये फेरविचार मागायला एक महिना, अमेरिकेत अपिलाला 60 दिवस. पिपच्या ज्या अपिलांची सुनावणी होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अर्जदाराच्या बाजूने लागतात. म्हणजे पहिला नकार हा तुझ्याविषयीचा निकाल नसून बऱ्याचदा एका वाईट अहवालाचा परिणाम असतो. पत्र स्वतः उघडवत नसेल तर उघडणारा माणूस आत्ताच ठरव. मी आहे. फोटो काढून पाठवायचा, वाचायचं नाही.

पैसे आले की अमेरिकेतल्यांनी एक सांभाळायचं: गरजूंसाठीच्या एसएसआय भत्त्यात एकट्या माणसाच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. हा आकडा 1989 पासून हललेला नाही. काटकसरीची शिक्षा देणारा नियम आहे, पण आहे. त्यात न धरली जाणारी अपंगांसाठीची वेगळी बचतखाती असतात, त्यांची चौकशी आधी करा.

तुझा भरलेला फॉर्म मी परत पाठवते आहे, कोरा समज. आजपासून चौदा दिवस फक्त डायरी लिही, रोज रात्री पाच ओळी: काय करायचं होतं, काय झालं, किती वेळ लागला, कोण आलं, दुसऱ्या दिवशी काय राहून गेलं. चांगला दिवस गेला तर तोही लिही. मग पहिला प्रश्न तेवढा भरून मला पाठव. बाकीचे नंतर बघू. आणि जे काही नेऊन देशील त्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही.

तुझी,
ताई