फिलाडेल्फियात सॉलिड ट्युमरवर पोस्टडॉक: यावं का?

पुण्यात पीएचडी संपत आलीय, फिलाडेल्फियातल्या लॅबकडून सॉलिड ट्युमरच्या (गाठीच्या कॅन्सरच्या) कार-टी कामासाठी (पेशंटच्या टी-सेल्स, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, कॅन्सर ओळखतील अशा बदलून परत द्यायच्या) पोस्टडॉकची ऑफर आहे, सोबत बायको आणि लहान मुलगी, तर जे-वन या एक्सचेंज व्हिसावर यावं का असं तुम्ही विचारलंय. मी इथे याच कामात आहे, माझं मत: जरूर या, पण लॅब पारखून या.

ब्लड कॅन्सरचं यश बघून हुरळून जाऊ नका. तिथे सीडी19 हे टार्गेट (बी-सेल्स या रक्तपेशींवरचं प्रोटीन) मिळालं, त्यात चांगल्या बी-सेल्सही मरतात पण त्यांच्याशिवाय पेशंट जगू शकतो, म्हणून 2017 मध्ये किमराया हे कार-टी औषध मंजूर झालं (ते काम इथल्याच पेनमधलं, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं, कार्ल जून यांच्या टीमचं). गाठीच्या कॅन्सरमध्ये जे टार्गेट ट्युमरवर तेच थोडंफार फुप्फुसावर, आतड्यावर पण असतं. 2010 मध्ये छापून आलेली एचईआर-टू (ट्युमरवरचं असंच एक टार्गेट प्रोटीन) कार-टीची केस नक्की वाचा, पेशंटचा जीव गेला, फुप्फुसातल्या निरोगी पेशींवरचं थोडंसं एचईआर-टूसुद्धा सेल्सनी ओळखलं असावं असं लेखकांनी म्हटलंय. शिवाय टी-सेल्स गाठीत शिरत नाहीत, शिरल्या तर टीजीएफ-बीटा हे प्रोटीन त्यांना दाबतं, आणि अँटीजेन (म्हणजे ते टार्गेट) सतत समोर राहून त्या थकतात ते वेगळंच.

त्यामुळे पीआयला (लॅबप्रमुखाला) पहिल्याच कॉलवर विचारा की तुमच्या सेल्स पेशंटपर्यंत गेल्यात का, त्या बनवायची जीएमपी (औषध दर्जाच्या उत्पादनाची) सोय कुठे आहे, ट्रायलमधली बायोप्सी परत लॅबला मिळते का. नुसत्या इम्युन सिस्टिम नसलेल्या उंदरांवर सगळं चाललं असेल तर मी दोनदा विचार करेन, कारण खरी अडचण, म्हणजे ट्युमरला सांभाळणाऱ्या सप्रेसर पेशी, त्या उंदरात धड नसतातच.

आशा खरंच आहे. 2024 मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी अमटाग्वी आणि सायनोव्हियल सार्कोमासाठी टेसेल्रा मंजूर झालं. पण पहिलं टीआयएल (गाठीतूनच काढून वाढवलेल्या टी-सेल्स), दुसरं टीसीआर (टी-सेलचा नैसर्गिक रिसेप्टर बदलून केलेलं), कार-टी एकही नाही! म्हणून टीसीआरचं काम शिकायला मिळत असेल तर सोडू नका.

व्हिसाचं म्हणाल तर जे-वनच बरा, जे-टूवर (जे-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) बायकोला वर्क परमिट मागता येतं, एच-फोरवर (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) ते सहजासहजी मिळत नाही. दोन वर्षं भारतात परतायची अट स्किल लिस्टमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं हवीत याची अमेरिकी सरकारची यादी) लागायची, त्या लिस्टमधून डिसेंबर 2024 मध्ये भारत वगळला गेलाय, तरी सरकारी फंडिंगमुळे ती लागू शकते, डीएस-2019 (जे-वनचा फॉर्म) नीट बघा.

आणि पगाराचं फंडिंग किती वर्षांचं आहे ते ईमेलवर लेखी घ्या, सही त्यानंतर.