एकच पक्ष, एकच उमेदवार, मग निवडणूक कशाला?

प्रश्न आहे की कम्युनिस्ट देशात पक्ष एकच असताना संसदेच्या निवडणुका घेतात तरी कशासाठी. ‘नाटक असतं सगळं’ असं सांगून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. ते मतदान मी जवळून पाहिलंय.

१९८३ साली शिष्यवृत्तीवर सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) शिकायला गेलो. पुढच्या वर्षी ४ मार्चला सुप्रीम सोव्हिएतची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक आली. आमच्या होस्टेलच्या मजल्यावर डिसेंबरपासून गरम पाणी नव्हतं. त्या थंडीत केटलीत पाणी तापवून डोकं धुवायचो. तक्रारी करून सगळे थकले होते. अशात मतदारयादी घेऊन प्रचार-कार्यकर्ती दारात आली. माझा रशियन खोलीसोबती तिला शांतपणे म्हणाला, “पाणी नसेल तर आम्ही अकरा जण मत द्यायला येणार नाही.” ती रडकुंडीला आली. यादीतला एकूण एक माणूस पेटीपर्यंत नेण्याची जबाबदारी तिची होती. शनिवारी प्लंबर आला आणि तीन महिने अडलेलं काम दुपारच्या आत झालं.

रविवारी मी त्याच्याबरोबर केंद्रावर गेलो. शाळेत गाणी लावलेली, खाण्याच्या टेबलावर एरवी न दिसणारी संत्री. मतपत्रिकेवर नाव एकच. वरची सूचना मी अक्षरं जुळवत वाचली : ज्याला मत द्यायचं त्या एकाचं नाव ठेवा, बाकीची खोडा. “बाकीची कुठायत?” मी विचारलं. त्याने माझा दंड दाबला. कागद तसाच पेटीत टाकला की मत झालं. नाव खोडायचं तरच पडद्याआड जायचं, त्यामुळे तिकडे वळणारा सगळ्यांच्या नजरेत यायचा. तो वळला नाही.

हे मी लालबागला दादाला कळवलं. दादा गिरणी कामगार, लाल बावट्याचा, संपात होरपळलेला. त्याचं उत्तर आलं : ९९.९९ टक्के मतदान झालंय, आणखी काय हवं तुला? पाच वर्षं आम्ही पत्रांतून यावरच भांडलो.

मग २६ मार्च १९८९. लेनिनग्राड प्रांताचा पक्षप्रमुख युरी सोलोव्योव एकटाच उभा होता, तरी पडला. निम्म्याहून जास्त लोकांनी त्याचं नाव खोडलं. दादा म्हणाला, बघ, ताकद लोकांच्या हातात होतीच. साफ चूक. खोडायची सोय १९८४ लाही होती. पडद्याआड जायची भीती गेली, तेव्हा ती सोय कामाला आली.

तेव्हा उत्तर असं : पक्षाला कोण येतं आणि कोण येत नाही ते कळतं, आणि लोकांना पाणी मागायला काही वर्षांतून एक दिवस मिळतो. अर्थात सगळे देश एका मापाने मोजू नका. चीनमध्ये थेट मतदान तालुक्याच्या पातळीवरच थांबतं. व्हिएतनाममध्ये २०२१ ला ५०० जागांना साडेआठशेहून जास्त उमेदवार होते, पण ते सगळे पक्षाच्याच हाताखालच्या पितृभूमी आघाडी या संघटनेच्या चाळणीतून आलेले. क्युबात २०२३ ला ४७० जागा आणि उमेदवारही ४७०च, तरी जवळपास चोवीस टक्के लोक घरीच राहिले.

दादाला हा आकडा सांगितला तर म्हणतो, “शहात्तर टक्के आले ना?” आले. पण न आलेले मोज, हेच मी त्याला १९८४ पासून सांगतोय.