ब्रिटिश अभिनेते ॲलन रिकमन सिनेमात इतक्या उशिरा का आले?

कारण आधी ते नट नव्हतेच. लंडनमध्ये ग्राफिक डिझाइन शिकून त्यांनी मित्रांबरोबर स्टुडिओ चालवला. वयाच्या 26 व्या वर्षी ते काम सोडून राडा या नाट्यशाळेत गेले. खर्च भागवायला नामवंत नटांचे ड्रेसर म्हणून, म्हणजे त्यांचे कपडे सांभाळायचं कामही केलं.

पुढची दहा-बारा वर्षं मुख्यतः रंगभूमीची, मधूनमधून टीव्ही. 1985 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘ले लिएझाँ दांजेरूझ’ या नाटकात त्यांनी व्हालमाँ ही मुख्य भूमिका उभी केली. नाटक ब्रॉडवेला गेलं, टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं आणि तिथूनच ‘डाय हार्ड’ (1988) हाती आला. पहिला सिनेमा, वय 42!

त्यातला शेवटाकडचा प्रसंग परत बघा. त्यांनी केलेला खलनायक हान्स उंचावरून पडतो तेव्हा चेहऱ्यावरची भीती खरी आहे, कारण ठरलेली मोजणी पूर्ण व्हायच्या आतच रिकमनना खाली सोडून दिलं होतं. पण माझ्या मते खरी कमाल त्याआधीची आहे: आवाज न चढवता, सावकाश बोलून माणसांना धाकात ठेवणं. ही नाटकाची तालीम. ‘हॅरी पॉटर’मधल्या त्यांच्या स्नेपचं एकेक शब्द तोलून बोलणंही तिथूनच आलेलं.

‘रॉबिन हूड’साठी बाफ्टा, ‘रासपुतिन’साठी एमी आणि गोल्डन ग्लोब मिळालं. ऑस्करचं साधं नामांकनही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नाटक मात्र सुटलं नाही; 2001 मध्ये ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’मध्ये व्हालमाँच्या वेळच्याच सहअभिनेत्री लिंडसे डंकनसोबत ते पुन्हा रंगमंचावर होते. जानेवारी 2016 मध्ये, 69 व्या वर्षी ते गेले.