वाचकांचे प्रश्न : खाणीचा ‘एक टक्का’ आणि वन्यजीवांचा अधिवास

प्रश्न : एका प्रस्तावित खाणीचा आराखडा वाचनात आला. प्रत्यक्ष उत्खनन वन्यजीवांच्या अधिवासाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत होणार असून, त्या बदल्यात दुप्पट जागेवर झाडे लावली जातील, असे त्यात म्हटले आहे. एवढे असूनही अभ्यासकांचा विरोध कायम आहे. हा नियमांचा अतिरेक नव्हे काय?

उत्तर : एक टक्का हा आकडा खोटा असेलच असे नाही, पण त्यात फक्त खड्डा मोजलेला असतो, आणि प्राण्यांना खड्ड्याइतकाच त्रास त्याच्याभोवती उभ्या राहणाऱ्या पसाऱ्याचा होतो. खाणीपर्यंतचा रस्ता, विजेच्या तारा, मातीचे ढिगारे, कामगारांची वस्ती आणि रस्ता झाला म्हणून मागोमाग आलेली शेती व लाकूडतोड हे सारे त्या टक्क्याबाहेर राहते. ब्राझीलमधील अ‍ॅमेझॉनच्या अरण्याचा २००५ ते २०१५ या काळासाठी अभ्यास झाला, तेव्हा खाणपट्ट्यांच्या हद्दीपासून ७० किलोमीटरपर्यंत जंगलतोड वाढलेली आढळली, आणि त्या काळातील एकूण तोडीपैकी सुमारे ९ टक्के तोड खाणकामाशी निगडित निघाली.

काही वेळा तर जमिनीला हातही न लावता अधिवास निकामी होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातील सेज ग्राउस या पक्ष्याचे नर वसंत ऋतूत ठरलेल्या मोकळ्या जागी जमून माद्यांसमोर नाचतात. वायोमिंग राज्यात संशोधकांनी अशा काही जागांवर ध्वनिक्षेपक ठेवून नुसते ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, शांत जागांच्या तुलनेत विंधणयंत्राच्या आवाजाने नरांची संख्या २९ टक्क्यांनी घटली, तर रस्त्यावरील वाहनांच्या आवाजाने ७३ टक्क्यांनी. यंत्रापेक्षा रस्ता अधिक बाधक ठरावा, हे मलाही प्रथम वाचताना अनपेक्षित वाटले होते.

म्हणूनच त्या राज्याने २००८ मध्ये सुरू केलेल्या धोरणाची रीत मला अधिक सयुक्तिक वाटते. तेथे पक्ष्यांचे गाभाक्षेत्र आधी नकाशावर आखले गेले आणि त्यात विस्कळीत झालेली जमीन पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली. या पाच टक्क्यांत जुने रस्ते आणि तेल-वायूच्या जुन्या विहिरीही धरल्या जातात, त्यामुळे नव्या अर्जदाराला उरलेल्या वाट्यातच जागा मिळते. शिवाय नाचाच्या जागेपासून सुमारे एक किलोमीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशातही, एखाद्या प्रकल्पाचा परिणाम इतर योजना व प्रकल्पांसह एकत्रितपणे तपासावा, असे बंधन आहे. दहा खाणींनी प्रत्येकी ‘केवळ एक टक्का’ मागितला, तर काय होईल याचा हिशेब एकेका अर्जात सापडत नाही.

राहिला दुप्पट झाडांचा मुद्दा. नुकसान प्रथम टाळावे, टाळता आले नाही तर कमी करावे, नंतर त्याच जागेचे पुनरुज्जीवन करावे आणि तरीही जे उरेल त्याचीच अन्यत्र भरपाई करावी, असा क्रम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. आपण वर्णन केलेल्या आराखड्यात शेवटची पायरी पहिली झालेली दिसते. ऑस्ट्रेलियातील काळे काकाकुवे मोठ्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करतात, आणि तशी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागू शकतात. रोपांची संख्या दुप्पट केली म्हणून हा काळ निम्मा होत नाही.

प्रश्न : मग उद्योजकांनी वर्षानुवर्षे परवानग्यांसाठी खेटे घालत राहायचे का?

उत्तर : नाही, आणि याबाबत उद्योजकांची तक्रार रास्त आहे. अर्ज आल्यावर वाद सुरू करण्यापेक्षा संपूर्ण प्रदेशाचा आराखडा आधी ठरवणे दोन्ही बाजूंच्या सोयीचे असते. अमेरिकेत १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात १९८२ मध्ये दुरुस्ती होऊन अधिवास संवर्धन आराखड्यांची, म्हणजे प्रजातीच्या रक्षणाची योजना आखून देणाऱ्याला मर्यादित नुकसानीचा परवाना देण्याची, सोय झाली. सॅन फ्रान्सिस्कोजवळील सॅन ब्रुनो डोंगरावर दुर्मीळ फुलपाखरांचा प्रश्न होता. तेथे काही भागात घरबांधणी आणि उर्वरित बहुतेक डोंगर राखीव, अशी तडजोड झाली आणि तीच या दुरुस्तीसाठी नमुना ठरली.

अशा आराखड्यात मोबदला म्हणून विकासकाला शाश्वती मिळते. १९९८ च्या नियमानुसार, आराखडा नीट पाळणाऱ्यावर पुढे अनपेक्षित परिस्थिती उद्भवली तरी जादा जमिनीचा किंवा पैशाचा बोजा टाकता येत नाही. माझा आक्षेप येथेच आहे, कारण परवाना काही दशकांचा असतो आणि तेवढ्या काळात एखादी साथ किंवा दुष्काळ सारी गृहीतके उलटवू शकतो. तेव्हा जादा खर्च कोणी सोसायचा, हे करारातच लिहिलेले असावे, आणि पुनरुज्जीवनाची रक्कम उत्खनन सुरू होण्यापूर्वी अनामत म्हणून जमा झालेली असावी. आपल्या हाती असलेल्या आराखड्यात ही दोन कलमे आहेत का, हे झाडांच्या संख्येआधी पाहावे.