कपडेपटात येऊ पाहणाऱ्यास

राज्य नाट्य स्पर्धेसाठी जळगाव केंद्रावर उतरणाऱ्या प्रत्येक संघाला कपडेपट सांभाळणारा माणूस हवाच असतो. तुम्ही तिथून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. वेशभूषाकार कपडे ठरवतो, परंतु ते प्रत्येक प्रयोगाला इस्त्री केलेले, टाके तपासलेले आणि जागच्या जागी असणे ही कपडेपटाची जबाबदारी असते. तालमीला पहिल्या दिवसापासून बसा, प्रवेशागणिक प्रत्येक पात्राचा पोशाख, चपला आणि दागिने वहीत लिहा, आणि अंधारात कपडे बदलायला किती सेकंद मिळतात ते घड्याळ लावून मोजा. माझ्या एका प्रयोगात नऊवारीचा काष्टा विंगेतच सुटला आणि अभिनेत्रीचा प्रवेश लांबला. तेव्हापासून घाईच्या बदलासाठी मी शिवलेली नऊवारीच वापरतो आणि कमरेला हुकांऐवजी वेल्क्रो लावतो, मात्र शांत प्रसंगाशेजारी त्याचा चरचर आवाज होणार नाही हेही पाहतो. आपल्या खानदेशातील उन्हाळ्यात घामाने भिजलेला शालू तसाच घडी घालून ट्रंकेत ठेवू नका, कारण त्यावरचे जरीकाम काळवंडते. तो रात्रभर वाऱ्यावर पसरून ठेवा. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या ३ वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार असेल, तर प्रवेशासाठी नाटकांतील अनुभवही पाहिला जातो, म्हणून प्रत्येक प्रयोगाचे पत्रक जपून ठेवा.